प्राग–व्हिएन्ना–बुडापेस्ट, नऊ रात्री रेल्वेने: कोल्हापुरातून केलेल्या तयारीचं जॉबकार्ड

शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल. कुठलाही नवा जॉब घेतला की पहिल्या दिवसापासून कार्ड (कामाची तारीखवार नोंद) लिहायचं, ही वडिलांची सवय माझ्यात उतरली आहे. मे २०२४ मध्ये आम्ही तिघं (मी, बायको आणि दहावीची परीक्षा दिलेली पोरगी) युरोपात रेल्वेने फिरून आलो, त्याचंही कार्ड लिहिलं. पूर्ण कंपनी-टूर घ्यायची नाही, एवढंच आधी ठरलं होतं. खाली जे आहे ते त्या कार्डावरून जसंच्या तसं, फक्त शिव्या काढल्या आहेत.

७ जानेवारी २०२४, रविवार

पोरीने यादी दिली: पॅरिस, लुसर्न, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग, ॲमस्टरडॅम. नऊ रात्री, शहरं सहा. नकाशावर सगळं वीतभर अंतरात दिसतं, म्हणून मीही मान डोलावली.

जेवण झाल्यावर कागदावर मांडायला बसलो आणि तिथेच अडकलो. एक शहर बदलायचं म्हणजे सकाळी खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, गाडी, पुन्हा नवं स्टेशन, नवं हॉटेल, आणि खोली मिळणार दुपारी दोन-तीनला. गाडी तीनच तासांची असली तरी दिवसातले सहा तास गेले. आमच्या भाषेत हा सेटिंग टाइम. एका दिवसात लेथवर सहा वेगवेगळे जॉब लावले तर दिवस सेटिंगमध्येच जातो, माल निघत नाही.

त्यात पॅरिसहून इटलीकडे जाणारी थेट गाडी ऑगस्ट २०२३ मध्ये आल्प्समध्ये दरड कोसळल्यापासून बंद होती. म्हणजे पॅरिस–व्हेनिस हा गाड्या बदलत दिवसभराचा खेळ.

निर्णय: शहरं मोजायची नाहीत, रात्री मोजायच्या. एका शहरात कमीत कमी दोन. एका सरळ लाइनवरची तीन शहरं घेतली. प्राग ते व्हिएन्ना चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट दोन तास चाळीस मिनिटं. दोन्हीकडे थेट गाड्या, दिवसातून अनेक. पोरगी दोन दिवस बोलली नाही. पॅरिस गेलं म्हणून.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरात तीळ भाजणं चाललं होतं आणि मी रेल्वे पासच्या मागे. युरोपभर चालणारा युरेल पास आपल्याला मिळतो. 'पास काढ, निवांत फिर,' असं एका मित्राने सांगितलेलं. चार प्रवास-दिवसांचा पास मोठ्या माणसाला अडीचशे युरोच्या वर. आमचे मोठे प्रवास दोन. लवकर काढलं तर तेच दोन प्रवास सुट्या तिकिटांनी माणशी चाळीस युरोच्या आत बसत होते.

पास रद्द. पास परवडतो तो रोज उठून लांब पल्ला मारणाऱ्याला, किंवा सकाळी उठून आज कुठे जायचं ते ठरवणाऱ्याला. आम्ही दोन्हीत नाही. ह्या हिशेबाला वीस मिनिटं लागली. मित्राचं ऐकण्यात मात्र आठवडा गेला होता.

२६ जानेवारी, शुक्रवार

विमान. मी मुंबई–व्हिएन्ना–मुंबई असं जाऊन-येऊन शोधत होतो, कारण ते स्वस्त दिसत होतं. पण तसं केलं तर बुडापेस्टहून पुन्हा व्हिएन्नाला यायचं, म्हणजे आणखी तीन तिकिटं आणि अर्धा दिवस. शोधायच्या पानावर 'मल्टी-सिटी' म्हणून वेगळा पर्याय असतो. त्यात जाताना मुंबई–प्राग आणि येताना बुडापेस्ट–मुंबई टाकलं. फरक माणशी जेमतेम अकराशे रुपये. दुबईत विमान बदलायचं दोन्ही वेळा.

४ फेब्रुवारी, रविवार

विमानाची तिकिटं काढली. माणशी ६१,५००, तिघांचे १,८४,५००. शाळेला सुट्टी २ मेपासून, म्हणून निघायची तारीख ४ मे. बायको माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. ती म्हणाली, "अहो, यंदा इलेक्शन आहे. ड्युटी लागली तर?" मी म्हणालो, "बघू."

हा 'बघू' किती रुपयांना पडला ते पुढे येईलच.

नावाचा घोळ इथेच झाला. हिच्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात हिचं आणि माझं, अशी दोन्ही नावं आहेत, आडनाव वेगळं. मी तिकिटात फक्त हिचं नाव टाकलं. दुसऱ्या दिवशी एअरलाइनला फोन करून दुरुस्त करून घेतलं. पैसे लागले नाहीत, पण फोनवर पन्नास मिनिटं गाणं ऐकलं. पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत बाण-बाण असलेलं जे छापलेलं असतं, त्यात नाव जसं आहे तसंच सगळीकडे टाकायचं.

११ फेब्रुवारी, रविवार

आता ती चूक, जिच्यासाठी हे कार्ड इतरांना वाचायला देतोय.

ऑस्ट्रियन रेल्वेच्या साइटवर मे महिन्याची स्वस्त तिकिटं दिसली. प्राग–व्हिएन्ना १८.९०, व्हिएन्ना–बुडापेस्ट २०.९० युरो. 'स्पारशीने' म्हणतात ह्या तिकिटाला. हात शिवशिवले.

पहिल्या दोन प्रयत्नांत कार्ड नाकारलं गेलं. बँकेचा दोष नाही. आपल्याकडची कार्डं परदेशी व्यवहारांसाठी आपण स्वतः ॲपमध्ये चालू करावी लागतात, ते मी केलंच नव्हतं. चालू केलं, मर्यादा वाढवली, तिसऱ्यांदा गेलं. तिघांचे ११९.४० युरो. कार्डाचा साडेतीन टक्के परकीय चलन आकार आणि त्यावर जीएसटी धरून ११,१९० रुपये.

ह्या तिकिटावर ठरलेलीच गाडी पकडायची असते, आणि पैसे परत मिळत नाहीत. हे मी वाचलं होतं. वाचून 'होय' वर टिक केली होती.

आणखी एक: आपल्याकडे तिकीट म्हणजे जागा. तिकडे तिकीट वेगळं आणि जागेचं आरक्षण वेगळं. तिकीट काढलंत म्हणून बसायला मिळेलच असं नाही. हे मला त्या दिवशी कळलंच नाही. मोबाईलवर तिकीट आलं, डबा नंबर कुठे दिसेना, तर मला वाटलं चार्ट लागल्यावर येईल.

स्टेशनांची नावं. प्रागचं मुख्य स्टेशन 'प्राहा ह्लाव्नी नाद्राझी', गाडीवर 'प्राहा ह्ल. न.' एवढंच. व्हिएन्ना म्हणजे 'वीन', मुख्य स्टेशन 'हाउप्टबानहोफ'. व्हिएन्नात माइडलिंग आणि वेस्टबानहोफ ही वेगळी स्टेशनं. बुडापेस्टला केलेटी, न्युगाटी, डेली अशी पूर्व-पश्चिम-दक्षिण तीन मोठी, आणि व्हिएन्नाची गाडी केलेटीच्या आधी केलेनफोल्डला थांबते. दादर, कुर्ला आणि सीएसएमटी हा फरक मुंबईला पहिल्यांदा गेलेल्याला जेवढा कळतो, तेवढाच मला कळला. कागदावर मोठ्या अक्षरात तिकडच्या लिपीत लिहून ठेवली.

३ मार्च, रविवार

व्हिसा. तिन्ही देश (चेक, ऑस्ट्रिया, हंगेरी) शेंगेन ह्या सामायिक व्हिसाच्या गटातले, म्हणजे एकच व्हिसा. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे जास्त दिवस राहणार त्याच्याकडे. सगळीकडे सारखेच दिवस असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे.

माझा आराखडा ३-३-३. म्हणजे चेककडे जायला हवं. आणि मी दोन संध्याकाळ बसून ऑस्ट्रियाचा फॉर्म भरला होता. फॉर्म टाकून देण्यापेक्षा आराखडा बदलला: प्राग ३, व्हिएन्ना ४, बुडापेस्ट २. बुडापेस्टची एक रात्र फॉर्मापायी गेली, हे खरं. पण व्हिएन्नाला तंत्रज्ञान संग्रहालय आहे, त्यामुळे मी फार रडलो नाही.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज करता येतो. निर्णयाला नियमाने पंधरा दिवस, अडचण आली तर पंचेचाळीस. मुंबईच्या अर्ज केंद्रात जवळची तारीख मिळेना. रोज सकाळी सहाला उठून पान उघडायचं, असा आठवडा गेला. शेवटी १८ मार्च मिळाली.

१६ मार्च, शनिवार

दुपारी तीनला निवडणूक आयोगाची पत्रकार परिषद. कोल्हापूर आणि हातकणंगले तिसऱ्या टप्प्यात, मतदान ७ मे.

आम्ही ४ मेला निघणार होतो.

हिने टीव्ही बंद केला. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

लोकसभा यंदा उन्हाळ्यात आहे हे शेंबड्या पोराला माहीत होतं. माध्यमिक शिक्षिकेला मतदान केंद्राची ड्युटी चुकत नाही, हेही. दोन प्रशिक्षणं एप्रिलमध्ये, ६ मेला साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम, ७ला रात्री पेट्या जमा होईपर्यंत सुटका नाही. ह्यातलं काहीही हलत नाही. हलवता येण्यासारखं होतं ते सगळं मी आधीच पक्कं करून बसलो होतो.

शॉपमध्ये नव्या पोराला मी रोज सांगतो, फायनल बोअर (नेमक्या मापाचं भोक) शेवटी मारायचा. आधी फेसिंग, मग रफ, सगळं जुळलं की मग फिनिश. मी उलटं केलं.

१७ ते २० मार्च

दुरुस्तीचे चार दिवस.

विमान: तारीख बदलून ११ मे पहाटे जाणं, २० मेला परतणं. बदलाची फी आणि भाड्यातला फरक मिळून माणशी ९,४००, एकूण २८,२००.

रेल्वे: ११,१९० रुपये भंगारात. त्या साइटला पत्र पाठवून बघितलं. सभ्य उत्तर आलं, पैसे नाही आले. नियम त्यांनी आधीच सांगितला होता, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही.

व्हिसाची १८ तारीख सोडली. नवी मिळाली ८ एप्रिल.

हॉटेलं फुकट रद्द होणारी घेतली होती, तेवढं शहाणपण होतं. व्हिएन्ना आणि बुडापेस्टला तारखा सरकल्या. प्रागला मात्र तीच खोली ८,२०० वरून १३,५०० ला गेली. का ते कळेना. पोरीने शोधलं: आइस हॉकीची जागतिक स्पर्धा १० ते २६ मे, प्राग आणि ऑस्ट्राव्हामध्ये. आम्ही ११ला पोहोचणार. जुन्या तारखांना स्पर्धा सुरूही व्हायची होती.

तीन रात्रींचे १५,९०० जास्त. हॉकी कोण बघतं आमच्यात? इथे फुटबॉल म्हटलं तर पेठापेठांत मारामाऱ्या.

३१ मार्च, रविवार

आज पहाटे युरोपातली घड्याळं तासभर पुढे गेली. आपल्यातलं अंतर साडेचार तासांवरून साडेतीन तास झालं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा उलट.

सुट्ट्या तपासल्या, ह्या वेळी आधी. ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं बंद. आमचे व्हिएन्नाचे दिवस मंगळवार ते शनिवार, त्यामुळे सुटलो. पण १९ मेला पेंटेकोस्टचा ख्रिस्ती सण आणि २० मेचा सोमवार हंगेरीत सुट्टी. म्हणजे बुडापेस्टचे दोन्ही दिवस दुकानं बंद असणार. खरेदी करायची तर व्हिएन्नातच उरकायची, असं लिहून फ्रिजवर चिकटवलं.

तिकिटं फुकट गेली त्यातून एक बरं निघालं. पोरगी म्हणाली, "पप्पा, ब्रनो वाटेतच आहे की. मेंडेलचं." वाटाण्यांवर प्रयोग करणारा पुस्तकातला मेंडेल, तो ब्रनोच्या मठात होता. प्राग–व्हिएन्ना थेट गाडी ब्रनोवरूनच जाते. पण थेट स्वस्त तिकिटावर मध्ये उतरून पाच तासांनी दुसरी गाडी धरता येत नाही. म्हणून दोन तुकडे: प्राग–ब्रनो अडीच तास, ब्रनो–व्हिएन्ना दीड तास.

दोन तुकड्यांची गोची अशी: ही दोन वेगळी तिकिटं. पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी सुटली, तर तो तुमचा प्रश्न. सलग एकाच तिकिटावर बदल असेल तर रेल्वे तुम्हाला पुढच्या गाडीने नेते. म्हणून मध्ये भरपूर क्लिअरन्स ठेवायचा. आम्ही पाच तास तसेही ठेवत होतो.

ह्या वेळी तिकीट काढलं नाही. फक्त वेळा उतरवल्या.

८ एप्रिल, सोमवार, मुंबई

काल रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो, आज रात्रीच्या महालक्ष्मीने परत. उद्या पाडवा. गुढी उभारायला घरी हवंच, नाहीतर आई घरात घेणार नाही.

नेलेली कागदं: तिघांचे फॉर्म, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, विमानाचं बुकिंग, हॉटेलं, माझे तीन वर्षांचे आयकर विवरण, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, उद्यम नोंदणी, हिचं रजेचं आणि ना-हरकतीचं पत्र, पोरीचा जन्मदाखला आणि आम्हा दोघांचं संमतिपत्र, आणि किमान ३०,००० युरोचं संरक्षण असलेला विमा (तिघांचा ३,९००). रेल्वेच्या तिकिटांऐवजी गाड्यांचा तक्ता जोडला: तारीख, कुठून, कुठे, सुटायची वेळ, पोहोचायची वेळ. कुणी हटकलं नाही.

गडबड एकच. जन्मदाखला फक्त मराठीत होता. केंद्राबाहेरच भाषांतर करून देणारे बसलेले असतात. त्यांनी पंधराशे घेतले. कोल्हापुरात हेच चारशेत झालं असतं.

व्हिसा फी माणशी ८० युरो. बारा पूर्ण झालेल्यांना पूर्णच, त्यामुळे पोरीलाही. केंद्राचा आकार धरून तिघांचे २७,०००. (नंतर घातलेली ओळ: ११ जून २०२४ पासून ही फी ९० युरो झाली.)

बोटांचे ठसे देताना माझे उमटेनात. तीस वर्षं कटिंग ऑइल आणि बर्र (धातूच्या धारदार कण्या). चौथ्या खेपेला, हात गरम पाण्याने धुऊन आल्यावर, उमटले. मशीनवर काम करणाऱ्यांनी आठवडाभर आधीपासून रात्री हाताला खोबरेल लावावं.

२६ एप्रिल, शुक्रवार

कुरियरवाला दुकानात आला. तिन्ही पासपोर्टांवर व्हिसा. स्टिकरवरच्या तारखा, नावं आणि राहायचे दिवस तिथेच उभ्या-उभ्या तपासले.

रात्री नऊला बसून तिन्ही गाड्यांची तिकिटं काढली. प्राग–ब्रनो माणशी २३९ कोरुना (चेक चलन), ब्रनो–व्हिएन्ना ११.९० युरो, व्हिएन्ना–बुडापेस्ट २४.९० युरो. शेवटच्या दोन गाड्यांना जागांचं आरक्षण, माणशी ३ युरो. सगळं मिळून १४,७००. म्हणजे जे तिकीट मी फेब्रुवारीत घाईने घेतलं, तेच अडीच महिन्यांनी, दोन आठवडे आधी घेतलं तरी व्हिएन्ना–बुडापेस्टला फरक पडला चार युरोचा. चार युरो वाचवायला मी ११,१९० घालवले.

प्राग–ब्रनोला आरक्षण केलं नाही. अडीच तास तर आहेत, म्हटलं. हेही पुढे येईल.

३० एप्रिल, मंगळवार

युरोपच्या तीन गाड्या घरबसल्या पंधरा मिनिटांत. कोल्हापूर–मुंबई महालक्ष्मीला मात्र वेटिंग ४१. तेव्हा एकशेवीस दिवस आधी खिडकी उघडायची, आणि मेमध्ये सगळं कोल्हापूर मुंबईला निघतं.

आणि हे वेटिंग मी १० मेच्या रात्रीचं काढलं होतं. पोरीने विचारलं, "पप्पा, विमान अकराला पहाटे चार वीसला आहे ना? आपण अकराला सकाळी साडेसातला सीएसएमटीला उतरून काय करणार?"

पहाटेचं विमान म्हणजे आदल्या रात्री विमानतळावर, म्हणजे त्याच्याही आदल्या रात्री कोल्हापूर सोडायचं. ९ मेच्या रात्रीची स्लीपर बस घेतली. १० मेचा दिवस डोंबिवलीला बहिणीकडे.

७ मे, मंगळवार

मतदान. हिला केंद्र मिळालं करवीर तालुक्यातल्या एका गावात. रात्री एकला घरी आली. पाय सुजलेले. बॅग भरणं ८ आणि ९ तारखेवर.

युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत. पेढे आणि तूप घरी ठेवलं. कांदा-लसूण चटणी दोन पाकिटं, सीलबंद, चालली.

११ मे, शनिवार, प्राग

काल डोंबिवलीत अक्षय तृतीयेचा आमरस. दाजी म्हणाले, "आंबा सोडून तिकडे काय खाणार?" उत्तर नव्हतं.

विमानतळावरून शहरात यायला ११९ नंबरची बस धरायची, असं मी छापून आणलं होतं. ती बस मार्चपासून नाही. तिच्या जागी ५९ नंबरची ट्रॉलीबस आहे. तेच थांबे, तेच तिकीट, पण दहा मिनिटं आम्ही ११९ ची पाटी शोधत होतो. निघायच्या आठवड्यात शहरातली माहिती पुन्हा बघायची होती, ती बघितली नव्हती. ७२ तासांचा पास तेव्हा ३३० कोरुना होता. एकदाच शिक्का मारायचा, विसरलात तर पास असूनही दंड.

१४ मे, मंगळवार, ब्रनो

आरक्षण न केल्याचं फळ. प्रत्येक सीटच्या वर छोट्या पट्टीवर कुठून कुठे आरक्षित ते दिसतं. आम्ही पट्टी न वाचता बसलो. दोनदा उठवलं. शेवटचा तास मी दाराजवळ बॅगांवर. नऊ युरो वाचवले, त्याचा हा माल.

गाडी ब्रनोला पंचवीस मिनिटं उशिरा. मध्ये पाच तास होते म्हणून कुणाच्या कपाळावर आठी नाही. पाऊण तास ठेवला असता तर बोंब झाली असती. लॉकरला नाणी लागतात आणि माझ्याकडे फक्त कार्ड आणि नोटा. स्टेशनवरच्या दुकानात पाण्याची बाटली घेऊन सुटे केले.

मठाच्या आवारात मेंडेलच्या हरितगृहाचा पाया आहे. पोरगी तिथे वीस मिनिटं नुसती उभी राहिली. परीक्षा संपली होती तरी.

१५ ते १८ मे, व्हिएन्ना

लिहिण्यासारखं काही बिघडलं नाही. ७२ तासांचा पास तेव्हा १७.१० युरो होता. तंत्रज्ञान संग्रहालयात मी साडेपाच तास होतो. बायको आणि पोरगी दीड तासाने शोनब्रुन्नच्या राजवाड्याला निघून गेल्या. ब्रातिस्लाव्हा तासाभरावर आहे, तिथे एक चक्कर मारायची असं यादीत होतं. मारली नाही. कुणाचेच पाय उचलत नव्हते.

१९ मे, रविवार, बुडापेस्ट

काल केलेटीला उतरलो. स्टेशन १८८४ चं. दर्शनी भागावर दोन पुतळे आहेत, जेम्स वॅट आणि जॉर्ज स्टीफन्सन. स्टेशनाला देवासारखे वाफेच्या इंजिनाचे कारागीर लावलेत. मी बॅगा खाली ठेवून वर बघत राहिलो, मागून ही म्हणाली, "अहो, हॉटेल सहाला बंद होत नाही, पण मी होते."

दुकानं बंद, फ्रिजवरच्या कागदाप्रमाणे. १८९६ ची भूमिगत रेल्वे मात्र चालू होती. लाकडी फळ्यांचे छोटे डबे नाहीत आता, पण स्थानकं तशीच, पांढऱ्या टाइल्सची. तीनदा उगाच फेऱ्या मारल्या. विमानतळाची १००ई बस तेव्हा २,२०० फोरिंट (हंगेरीचं चलन) होती, शहराच्या पासवर चालत नव्हती, वेगळं तिकीट.

२६ मे, रविवार, कोल्हापूर

हिशेब:

विमान १,८४,५००
तारीख बदल २८,२००
व्हिसा २७,०००
विमा ३,९००
नऊ रात्रींची हॉटेलं १,००,५००
रेल्वे १४,७००
फुकट गेलेली रेल्वे ११,१९०
मुंबईच्या दोन फेऱ्या ९,५००
जेवण, शहरातले पास, प्रवेश तिकिटं ७२,०००

एकूण ४,५१,४९०.

ह्यात तारीख बदल, मेलेली तिकिटं आणि हॉकीमुळे वाढलेली खोली मिळून ५५,२९० शुद्ध रिजेक्शन, म्हणजे वाया गेलेला माल. बारा टक्के. एखाद्या पार्टीला मी बारा टक्के रिजेक्शनचा माल दिला असता तर त्याने पुढची ऑर्डर शेजाऱ्याला दिली असती. वेळेचा हिशेब वेगळा ठेवला नाही. अंदाजे साठ तास, त्यातले वीस पुन्हा करण्यात.

पुढच्या प्रवासाच्या आखणीचं शीट आता असं लावलंय: पहिल्या रकान्यात न हलणाऱ्या तारखा (रजा, ड्युटी, परीक्षा, तिकडचे सण आणि स्पर्धा). मग कुठे किती रात्री. मग फुकट रद्द होणारी हॉटेलं. मग व्हिसाची तारीख, विमान, व्हिसा. रेल्वे सगळ्यात शेवटी.

शेजारच्या गाळ्यातला मित्र काल प्रिंट घेऊन गेला. दिवाळीच्या सुट्टीत जायचं म्हणतोय, तिकिटं आजच स्वस्त दिसतात म्हणे. त्याची बायकोही शिक्षिका. "भावा," म्हटलं, "विधानसभा कधी आहे रे यंदा?"